अंगणवाडीतील आहार : पंधरा ग्रॅम म्हणजे किती पळ्या?

भाताची लावणी ज्यांनी आपल्या हातांनी केली आहे, त्यांस एक गोष्ट वेगळी सांगावयास नको. तरव्यात रोप रोगट राहिले, तर पुढे खाचरात कितीही खत ओता, ते मनासारखे फुटत नाही. ज्या दिवसांत जोर धरायचा ते दिवस निघून गेलेले असतात. मुलाचेही असेच आहे. आईच्या पोटात असल्यापासून दुसरा वाढदिवस होईपर्यंतचा काळ हा त्याचा तरव्यातला काळ. त्याची उंची, त्याचे हाड, त्याचा मेंदू यांची घाई या दिवसांत चाललेली असते. त्यानंतर सहा वर्षांपर्यंतही ही वाढ जोरात असते. मात्र आधीचे जे राहून गेले ते सगळे भरून निघत नाही.

आपल्या महाराष्ट्राची स्थिती काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील दर शंभर मुलांमागे सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. शंभरांपैकी सुमारे २६ मुले उंचीच्या मानाने रोड होती. आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांपैकी ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होते. ही काही दुष्काळातली पाहणी नव्हे. ज्या घरांत रोज चूल पेटते, त्या घरांतलीच ही पुष्कळशी मुले. म्हणजे प्रश्न नुसत्या धान्याचा नाही. धान्य मुलाच्या अंगी कसे लागेल, हाही प्रश्न आहे, आणि आज मला आपल्याशी त्याविषयीच बोलायचे आहे.

लहान मुलांस शिकवायचे तर आधी त्यांस न्हाऊ-माखू घालून खाऊ घातले पाहिजे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसले तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचे मूळ तेथे आहे. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी त्यांनी विकासवाडी चालविली. तीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकींस धरून होत्या.

त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव साऱ्या देशाचे झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा हा आहार हक्क म्हणून मान्य केला. अंगणवाडीतून मुलाला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे माप त्यात घालून दिले होते. २०२३ मध्ये ही मापे सुधारण्यात आली आणि जीवनसत्त्वे, क्षार व आहारातील विविधता यांकडेही लक्ष देण्यात आले. तीन वर्षांखालील मुलांसाठी घरी न्यायचा आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सकाळचा नाश्ता व गरम ताजे जेवण, अशी ही व्यवस्था आहे.

कागदावर हे सगळे छान आहे. आता कागदावरून चुलीपाशी येऊ.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका गावी होते. शिबिरात एका दुपारी अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस यांच्यासाठी आहारावर भाषण ठेवले होते, आणि ते मला करायचे होते. मी काही आहारशास्त्राचा पंडित नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक. पण पुस्तके वाचून तयारी केली, रंगीत तक्ते केले, उष्मांक म्हणजे काय, प्रथिने म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून तासभर समजावून सांगितले. बायका शांतपणे ऐकत होत्या. मला वाटले, भाषण रंगले. शेवटी विचारले, "काही शंका?" तेव्हा मागच्या रांगेतल्या एक वयस्क मदतनीस मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "सर, ते ग्रॅमचं आमाला काय कळंना. पंधरा ग्रॅम म्हंजे किती पळ्या, तेवढं सांगा."

श्रोतेहो, मला सांगता आले नाही. मी फळ्यावर तोच आकडा पुन्हा लिहिला, जरा मोठ्या अक्षरात.

त्या रात्री मात्र झोप लागेना. गेली कित्येक वर्षे त्या मावशी गावातल्या पोरांसाठी भात-डाळ शिजवीत होत्या. आमच्या सगळ्या योजनेचा शेवटचा टप्पा म्हणजे त्यांच्या हातातली पळी. आणि त्या पळीविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाण्याकडून तराजू मागून आणला, मावशींकडून त्यांची रोजची वाटी घेतली, आणि आम्ही दोघे अंगणवाडीच्या ओट्यावर बसून मोजमाप करू लागलो.

हिशेब असा निघाला. एका मुलामागे कच्चे ६० ग्रॅम तांदूळ घेतले तर त्यातून सुमारे साडेचार ग्रॅम प्रथिने मिळतात. ३० ग्रॅम तूरडाळ किंवा मूगडाळ घेतली तर साडेसहा ग्रॅम. १५ ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटातून पावणेचार ग्रॅम. बेरीज झाली जवळजवळ १५. वर लहान चमचाभर तेल धरले तर एकूण उष्मांक सव्वाचारशे ते साडेचारशे होतात. गुळाचा खडा आणि भाजी धरली की पाचशेच्या आसपास जातात. वीस मुलांसाठी म्हणाल तर तांदूळ १ किलो २०० ग्रॅम, डाळ ६०० ग्रॅम, शेंगदाण्याचे कूट ३०० ग्रॅम आणि तेल १०० ग्रॅम. मावशींच्या वाटीने हे सगळे आम्ही मोजले आणि वाटीला खडूने खुणा केल्या.

मावशींनी ते सारे धान्य एका ताटलीत पाहिले आणि हसून म्हणाल्या, "एवढं शिजवून एका बैठकीला तीन वर्साचं पोर खाईल व्हय, सर?"

बघा, मी तासभर बोललो त्यात नव्हती ती गोष्ट त्या एका वाक्यात होती. लहान मुलाची भूक मोठी असते, पण पोट लहान असते. तीन वर्षांचे मूल मोठ्या माणसासारखे दोन वेळा पोटभर जेवून दिवस काढू शकत नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे लागते. अंगणवाडीत नाश्ता आणि जेवण अशा दोन वेळा ठेवल्या आहेत त्या यासाठीच. पण होते काय, तर कोठे सकाळचा नाश्ता चुकतो, कोठे दोन्ही एकदमच वाटून मोकळे होतात. मग मूल अर्धे खाते, अर्धे टाकते, आणि नोंदवहीत मात्र पूर्ण आहार दिल्याची नोंद होते. लबाडी कोणाचीच नसते. पण मूल उपाशी राहते ते राहतेच.

याच लहान पोटाची दुसरी गोष्ट पातळ पेजेची. बाळ सहा महिन्यांचे झाले की आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे लागते. आपल्याकडे समजूत अशी, की बाळाला पचायला हलके म्हणून पातळ द्यावे. म्हणून डाळीवरचे नुसते पाणी, भाताची पेज, पाण्यासारखी खीर आपण देतो. त्यात असते काय? बहुतेक पाणीच. पोट भरते, बाळ झोपते, आणि वजन जागचे हलत नाही. यावर सोपी परीक्षा आहे. चमचा भरून घ्या आणि तिरपा करा. खीर पाण्यासारखी ओघळून गेली तर ती पातळ झाली. चमच्याला धरून राहून सावकाश खाली पडली तर ती बरोबर. दाट खिरीत चमचाभर तेल किंवा तूप घातले की ४० ते ४५ उष्मांक वाढतात, आणि पोटात जागा जवळजवळ लागतच नाही.

दाट खीर बाळ गिळत नाही, असे कोणी म्हणेल. त्यावरही आपल्या आज्ज्यांनी उपाय करून ठेवला आहे : नाचणीचे सत्त्व. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकीशी भाजायची आणि दळायची. मोड येताना दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होते. ते पिठाचा घट्टपणा मोडते. नेहमीची दाट खीर शिजवून खाण्याइतकी गरम राहिली की त्यात या पिठाचा एक चमचा ढवळावा. थोड्याच वेळात खीर सैल होते. मग तिला पुन्हा एक उकळी आणावी. पाणी न वाढविता खीर गिळण्याजोगी झाली. सत्त्व तेवढेच राहिले. फक्त भाजताना करपवू नये, नाहीतर ते पाचक द्रव्यच नाहीसे होते. आणि एक सावधगिरी : ज्वारीचे मोड यासाठी वापरू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन गुरांस विषबाधा होते, हे शेतकऱ्यास ठाऊकच आहे. तोच दोष तिच्या मोडांत असतो.

नाचणीची आणखी एक थोरवी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत चुन्याचा अंश, म्हणजे हाडांस लागणारे कॅल्शियम, साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. तितक्याच सडलेल्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या जवळपास. म्हणजे जे धान्य आपण गरिबाचे म्हणून बाजूला सारले, तेच मुलाच्या हाडांचे धान्य आहे.

आता डाळ-तांदळाच्या जोडीविषयी. तांदूळ, गहू, ज्वारी यांतील प्रथिनांत एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी तो धान्यात असतो. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून आपली खिचडी, वरण-भात, भाकरी आणि उसळ ही नुसती चव नव्हे, त्यात शहाणपण आहे. धान्य दोन-तीन वाटे तर डाळ एक वाटा, हे माप लक्षात ठेवावे. महागाई झाली की आधी डाळ कमी होते आणि पाणी वाढते. अंगणवाडीत तरी तसे होऊ देऊ नये.

पालेभाजीला पैसे पडतात, असे म्हणतात. पण शेवगा कोणाच्या परसात नाही? त्याचा पाला आपण फेकून देतो. त्यात कॅल्शियम आहे आणि डोळ्यांस लागणारे अ जीवनसत्त्वही आहे. चाकवत, राजगिरा, अळू, माठ, मेथी, जे हंगामात मिळेल ते बारीक चिरून खिचडीत घालावे. पालेभाजीतले अ जीवनसत्त्व थोड्या तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही. आणि तिच्यातले लोह अंगी लागायला वर लिंबू पिळावे किंवा आवळा द्यावा. जेवणाबरोबर चहा मात्र मुलाला मुळीच नको. चहा त्या लोहाला अडवतो. पुष्कळ घरी मुलाला सकाळी चहा-बिस्किट देऊन अंगणवाडीत धाडतात. मूल रडत नाही म्हणून आई खूश. पण भूक मेलेली असते आणि रक्त वाढत नाही.

अंड्याविषयी आपल्यात मतभेद आहेत. ज्या घरी चालते त्या घरच्या मुलाला अंडे अवश्य द्यावे. त्याच्यासारखे आटोपशीर आणि सकस अन्न थोडे. राज्यात आदिवासी भागांतील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत पुढे मुलांसाठी अंडी किंवा केळी यांचाही समावेश झाला. ज्यांस अंडे चालत नाही त्यांनी दूध, दही, शेंगदाणे, तीळ, उसळी यांवर भर द्यावा. वाद घालण्यात मुलाचे जेवण राहून जाऊ नये, एवढेच.

आता भरविण्याची रीत. प्रत्येक मुलाची ताटली वेगळी असावी. एकाच ताटात भावंडे बसली की थोरले भराभर खाते आणि धाकटे नुसते बघत बसते. त्यातून मुलगी असली तर विचारूच नका. जबरदस्तीने कोंबू नये. जवळ बसून, बोलत, थांबून भरवावे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ते श्वासनळीत अडकून जीव जाण्याचा धोका असतो. कूट करूनच द्यावे. बुरशी लागलेले शेंगदाणे धुऊन-भाजून वापरू नयेत, फेकूनच द्यावेत. त्यांतले विष भाजून जात नाही. वाढणाऱ्या बाईने आणि मुलांनीही साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण चांगले जेवण घाणेरड्या हाताने पोटात गेले तर ते जुलाबावाटे निघून जाते. आणि जुलाब झाले म्हणून मुलाला उपाशी ठेवू नये. जीवनजल द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, मऊ अन्न थोडे थोडे देत राहावे, आणि बरे झाल्यावर काही दिवस एक जेवण जास्त द्यावे. दुखणे आणि उपास एकत्र आले की मूल खंगते.

मूल खंगत चालले आहे हे डोळ्यांना लवकर कळत नाही, कारण आपण त्याला रोज बघतो. म्हणून वजन आणि उंची दर महिन्याला घ्यायची. सहा महिने ते पाच वर्षे या वयासाठी दंडघेर मोजण्याची रंगीत पट्टी असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, पट्टी लाल रंगावर आली, तर मूल धोक्यात आहे. त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. हे मोजणे म्हणजे सरकारी काम नव्हे. ज्या आईला ही पट्टी वाचता आली, तिला आपल्या मुलाचा धोका कोणी येऊन सांगण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी आणि जे कोणी असे प्रशिक्षण देत असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. माझी फजिती मी आपल्याला सांगितली ती उगाच नव्हे. आहाराचे शिक्षण खुर्चीत बसवून देता येत नाही. ते चुलीपाशी द्यावे लागते. ज्या वाटीने ती बाई रोज मोजते त्या वाटीत बोलावे. एका बैठकीत एकच गोष्ट शिकवावी : एकदा चमच्याची परीक्षा, एकदा सत्त्व, एकदा दंडघेर पट्टी. आणि तिच्या हातून ती करवून घ्यावी. महिन्याने पुन्हा जाऊन बघावे. जमले नसेल तर का जमले नाही हे तिलाच विचारावे. कधी सरपण नसते, कधी पाणी लांब असते, कधी नोंदी आणि मोबाइल सांभाळता सांभाळता सेविकाताईंची दुपार होते.

आणखी एक. प्रशिक्षणाला सेविकेला बोलावतात, पण प्रत्यक्ष शिजवते कोण? कोठे मदतनीस, कोठे बचत गटातल्या बाया. ज्यांच्या हातात पळी आहे त्यांनाच बोलावणे जात नाही. हे म्हणजे गाडीवानाला घरी ठेवून गाडीच्या मालकाला बैल हाकायला शिकविण्यासारखे झाले.

आणि गावकरी मंडळी, आपल्यालाही यात काम आहे. आपल्या गावच्या अंगणवाडीत एकदा जेवणाच्या वेळी जाऊन या. चौकशी करायला नको, नुसते मुलांत बसून एक घास खाऊन या. परसातला शेवग्याचा पाला, भोपळा, लिंबे द्या. मुलाचा वाढदिवस असेल तर केकऐवजी शेंगदाणा-गुळाचे लाडू कुस्करून वाटा. घरी न्यायचा जो आहार तीन वर्षांखालील बाळासाठी मिळतो, तो बाळालाच द्या. कित्येक घरी तो साऱ्यांत वाटला जातो, कोठे गुरांच्या पुढे जातो. आणि बाप्ये मंडळींना खास विनंती : मुलाला भरविणे हे बायकांचेच काम, असे समजू नका. संध्याकाळी पारावर बसायच्या आधी पाव तास मुलाच्या ताटलीपाशी बसा.

त्या शिबिरानंतर वर्षभराने मी त्या गावी पुन्हा गेलो. खडूच्या खुणा पुसून गेल्या होत्या. पण मावशींनी वाटीला आतून खिळ्याने बारीक रेघा ओढल्या होत्या : एक तांदळाची, एक डाळीची. नाश्ता सकाळी, जेवण दुपारी, दोन्ही वेळा वेगळ्या झाल्या होत्या. मी विचारले, "मावशी, पंधरा ग्रॅम लक्षात आहेत ना?" त्या म्हणाल्या, "ग्रॅम तुमच्यापाशी ठेवा, सर. मला रेघा पुरं हायत."

श्रोतेहो, आपल्या गावच्या अंगणवाडीतल्या वाटीला अशा रेघा आहेत का, एवढे उद्या जाऊन बघा. नसतील तर तराजू घेऊन बसा आणि ओढून द्या.